एका छपराखाली दोन भाडेकरू, की एका घरात एकच?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुले पाचवीत आणि दुसरीत आहेत, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हाती आले आहे आणि १,२०,००० डॉलर शिल्लक आहेत. दहा वर्षांनी दोघांपैकी एकाने नोकरी सोडून वर्षातले काही महिने पुण्यात सासू-सासऱ्यांजवळ राहावे असा विचार आहे आणि तेव्हा हाताशी भाड्याचे 'पॅसिव्ह' उत्पन्न असावे अशी इच्छा आहे. ओहायोतील कोलंबसच्या एका एजंटने दोन घरे सुचवली आहेत. पहिले ग्रोव्ह सिटी या उपनगरातले, १९९६ साली बांधलेले तीन बेडरूमचे सिंगल फॅमिली घर: किंमत २,८५,००० डॉलर, अपेक्षित भाडे महिना २,१०० डॉलर. दुसरे शहराच्या जुन्या दक्षिण भागातले, १९२४ सालचे डुप्लेक्स: दोन्ही बाजूंना दोन-दोन बेडरूम, किंमत ३,१०,००० डॉलर, भाडे प्रत्येकी १,३५०. दोन्हींसाठी २५ टक्के डाउन पेमेंट आणि ७ टक्के दराने तीस वर्षांचे कर्ज मिळू शकते. पतीचा कल डुप्लेक्सकडे आहे, कारण 'एक भाडेकरू गेला तरी दुसऱ्याचे भाडे चालू राहते'. पत्नीला सिंगल फॅमिली घर बरे वाटते, पण तिच्याजवळ आकडे नाहीत. भाडेकरू शक्यतो 'आपलेच' मिळावेत असे दोघांनाही वाटते. एजंटला महिनाअखेर उत्तर हवे आहे. 'आमच्या दोघांत कोणाचे बरोबर?' असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. फोनवर 'डुप्लेक्स' हा शब्द ऐकून तुमच्या सासऱ्यांनी 'आतून जिना आहे का?' असे विचारले, असे तुम्ही लिहिले आहे. पुण्या-मुंबईत डुप्लेक्स म्हणजे एकाच कुटुंबाचा दोन मजली फ्लॅट, तेव्हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. अमेरिकेत मात्र डुप्लेक्स म्हणजे एकाच मालकीची, एकाच खरेदीखताची, पण दोन स्वतंत्र बिऱ्हाडांची इमारत. आतून जिना नसतो, मधे भिंत तरी असते किंवा एकाची जमीन ही दुसऱ्याचे छत असते. त्या भिंतीच्या आणि त्या छताच्या दोन्ही बाजूंची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तुमच्या निर्णयात सर्वांत जास्त वजन याच गोष्टीला द्यावे असे मला वाटते.

आधी हिशेब पाहू, कारण तुमच्या यजमानांनी पाठवलेला तक्ता व्यवस्थित आहे, फक्त तो अर्धाच आहे. त्यांनी भाड्यातून कर्जाचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा वजा केला आहे. सिंगल फॅमिली घराचा हप्ता १,४२२, टॅक्स ४५० आणि विमा ११० धरून महिन्याला ११८ डॉलर उरतात. डुप्लेक्सचा हप्ता १,५४७, टॅक्स ४५० आणि विमा १७० धरून ५३३ डॉलर उरतात. एवढाच कागद समोर असता तर मीही डुप्लेक्सच म्हटले असते. परंतु तुम्ही पाचशे मैलांवर राहता, त्यामुळे प्रॉपर्टी मॅनेजर ठेवावाच लागणार, आणि तो भाड्याच्या साधारण ८ ते १० टक्के घेतो. नऊ टक्के धरले तर एका घराचे १८९ आणि डुप्लेक्सचे २४३ होतात. सिंगल फॅमिली घरात वीज, गॅस, पाणी, गवत कापणे आणि बर्फ उपसणे हे सगळे सहसा भाडेकरूकडे असते. तुमच्या एजंटच्या माहितीप्रमाणे या डुप्लेक्सला पाण्याचा मीटर एकच आहे, म्हणजे पाणीपट्टी आणि सांडपाण्याचे बिल तुमच्या नावावर येणार, आणि अंगण सामाईक असल्यामुळे गवत व बर्फही तुम्हीच करून घेणार. त्यासाठी १३० आणि ७० धरा. घर रिकामे राहण्याचा काळ म्हणून पहिल्या घराला भाड्याचे ५ टक्के आणि दुसऱ्याला ८ टक्के धरले, म्हणजे १०५ आणि २१६. दुरुस्ती आणि मोठ्या बदलांसाठी दरमहा बाजूला टाकायची रक्कम १९९६ च्या घराला २०० आणि शंभर वर्षांच्या दोन स्वयंपाकघरांच्या घराला ४०० धरली. ही शेवटची धरणी माझी आहे, ती तुम्ही बदलू शकता, पण शून्य मात्र करू नका, आणि यजमानांच्या तक्त्यात ती शून्य आहे.

आता पुन्हा बेरीज करा. सिंगल फॅमिली घर महिन्याला ३७६ डॉलर तुमच्या खिशातून मागते आणि डुप्लेक्स ५२६ डॉलर मागते. म्हणजे दोघांत तुमचे बरोबर, पण तुम्ही ज्या उत्पन्नाच्या अपेक्षेने निघाला आहात ते दोन्हीकडे नाही. कर्ज बाजूला ठेवून पाहिले तर पहिल्या घराचे निव्वळ उत्पन्न वर्षाला किमतीच्या ४.४ टक्के आणि दुसऱ्याचे जेमतेम ४ टक्के आहे. ७ टक्क्यांनी उसने घेऊन ४ टक्क्यांवर लावलेला पैसा दरमहा थोडा थोडा झिजतो, मग घर एक असो की दोन. तुमच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या घरात ना नफा ना तोटा अशी स्थिती यायची असेल, तर सुमारे १,२८,००० डॉलर स्वतःचे घालावे लागतील. तुमच्याजवळ तेवढे नाहीत, आणि असते तरी सगळी पुंजी एका छपरात घालून मोकळे व्हा, असे मी म्हटले नसते.

यजमान म्हणतील की भाडे वाढत जाईल. ते खरे आहे. भाडे आणि खर्च दोन्ही वर्षाला ३ टक्क्यांनी वाढले, हप्ता मात्र तेवढाच राहिला असे धरा. मग पहिले घर स्वतःचा हप्ता पूर्णपणे उचलू लागेल ते दहाव्या-अकराव्या वर्षी. म्हणजे ज्या वर्षी तुमच्यापैकी एकाला नोकरी सोडायची आहे, त्या वर्षी हे घर उत्पन्न द्यायला नव्हे, तर फक्त तुमच्याकडून पैसे घेणे थांबवायला तयार होईल. मधल्या काळात कर्जाची मुद्दल फिटते, पण पहिल्या वर्षीच्या सतरा हजार डॉलरच्या हप्त्यांतून मुद्दलात जमा होतात ते साधारण २,१७० डॉलर. ही हप्त्याहप्त्याने होणारी बचत आहे आणि तिलाही किंमत आहे, पण तिला उत्पन्न म्हणून तक्त्यात मांडू नका.

किंमत वाढण्याबद्दल तुमच्या पत्रात इंटेलचा उल्लेख आहे. कोलंबसच्या ईशान्येला लिकिंग काउंटीत इंटेलने चिपचा कारखाना जाहीर केला जानेवारी २०२२ मध्ये. तेव्हा उत्पादन २०२५ मध्ये सुरू होईल असे सांगितले होते. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने ते २०३० किंवा त्यानंतर असे पुढे ढकलले. कोलंबस हे वाढते शहर आहे, राज्याची राजधानी आणि मोठे विद्यापीठ तिथे आहे, ते मी नाकारत नाही. परंतु पुढे ढकलल्या जाणाऱ्या कारखान्याच्या भरवशावर दरमहा पाचशे डॉलर खिशातून घालणे हे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होईल.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे आणि ती बहुतेक सगळ्याच वाचकांच्या प्रश्नात असते. तुम्ही समजता की तुम्ही दोन प्रकारच्या घरांची तुलना करत आहात. खरे पाहता तुम्ही १९९६ ची तुलना १९२४ शी करत आहात, आणि उपनगराची तुलना जुन्या शहराशी. हे योगायोगाने झालेले नाही. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाने जमिनीचे वापराप्रमाणे विभाग पाडले होते: पहिल्या विभागात फक्त एका कुटुंबाची घरे, दुसऱ्यात दोन कुटुंबांची, आणि पुढे इतर. त्या विरोधात अँबलर रिअल्टी ही कंपनी कोर्टात गेली आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क परजीवी म्हटले आहे. त्यानंतर देशभरातल्या उपनगरांनी आपली बहुतांश जमीन एका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवली आणि डुप्लेक्स राहिली ती मुख्यतः त्याआधी वसलेल्या वस्त्यांत. म्हणून आज ओहायोत डुप्लेक्स शोधायला निघालात की समोर येते ते बहुधा शंभरीचे घर. त्याचे जास्तीचे भाडे दोन बिऱ्हाडांमुळे दिसते, आणि त्याचा जास्तीचा खर्च वयामुळे होतो. तुम्हाला खरोखरच प्रकारांची तुलना करायची असेल, तर १९८० नंतर बांधलेले, दोन्ही बाजूंचे सगळे मीटर वेगळे असलेले डुप्लेक्स कोलंबसच्या कडेला शोधायला एजंटला सांगा. अशी थोडी आहेत, पण आहेत, आणि त्यांचा हिशेब वर मांडलेल्यापेक्षा बराच वेगळा येतो.

वयाचा खर्च म्हणजे काय, हे मी अनुभवाने सांगू शकते. क्लीव्हलंडला लागून असलेल्या लेकवुडमध्ये आमचे १९२१ चे वरखाली डुप्लेक्स एकोणीस वर्षांपासून आहे. इकडे अशा घराला 'डबल' म्हणतात. आम्ही ते घेतले तेव्हा तळघरात घर गरम ठेवणारा एकच बॉयलर होता, आणि त्याचा थर्मोस्टॅट खालच्या बिऱ्हाडाच्या जेवणघरात. पहिल्याच जानेवारीत खालचे कुटुंब लग्नाला म्हणून चार दिवस बाहेरगावी गेले आणि जाताना शहाण्या माणसासारखे काटा ५८ अंश फॅरेनहाइटवर ठेवून गेले. वर एक नर्सबाई राहत होत्या, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला तेव्हा त्या कोट घालून पांघरुणात बसल्या होत्या. गॅसचे बिल मी भरत होते, दोष कोणाचाच नव्हता, आणि तरीही दोघांनाही माझाच राग आला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोन स्वतंत्र यंत्रणा बसवल्या आणि त्या एका कामात त्या घराचे दोन वर्षांचे सगळे उत्पन्न गेले. तळघरातून रस्त्यापर्यंत जाणारा मातीचा ड्रेनेज पाइप मेपलच्या मुळांनी भरला होता, ते त्याच्या पुढच्या वर्षी कळले, तेही दोन्ही बिऱ्हाडांचे पाणी एकदमच तळघरात वर आले तेव्हा. दोन भाडेकरू असल्यामुळे धोका विभागला जातो हे तुमच्या यजमानांचे म्हणणे भाड्यापुरते खरे आहे. छप्पर, पाया आणि ड्रेनेज यांच्याबाबतीत मात्र दोन्ही भाडी एकाच दोरीला बांधलेली असतात.

आणि भाड्यापुरतेही ते पूर्ण खरे नाही. एक बिऱ्हाड रिकामे झाले तर डुप्लेक्सचे अर्धे भाडे येत राहते आणि एकट्या घराचे काहीच येत नाही, हे बरोबर आहे. पण बिऱ्हाड किती वेळा रिकामे होते, हेही पाहिले पाहिजे. तीन बेडरूम, अंगण आणि शाळा जवळ असलेल्या घरात कुटुंबे येतात आणि मुलांची शाळा बदलायला नको म्हणून टिकतात. दोन बेडरूमच्या बिऱ्हाडात तरुण जोडपी आणि एकटी माणसे जास्त येतात, आणि नोकरी, लग्न, बाळ यांपैकी काहीही झाले की ती निघतात. समजा, घराचा भाडेकरू तीन वर्षांनी आणि डुप्लेक्सचा दीड वर्षाने बदलतो. मग सहा वर्षांत पहिल्याकडे दोनदा आणि दुसऱ्याकडे दोन्ही बाजू मिळून आठ वेळा बिऱ्हाड बदलते. प्रत्येक बदलाला रंग, सफाई, काही मोडतोड, आणि नवीन भाडेकरू आणल्याबद्दल मॅनेजरची अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतकी फी लागते. पार्मामधल्या आमच्या साध्या तीन बेडरूमच्या घरात पंधरा वर्षांत चारच कुटुंबे राहून गेली आहेत. लेकवुडच्या डबलमध्ये किती झाली, ते मोजायला मला वही काढावी लागेल.

'पॅसिव्ह' या शब्दाबद्दल थोडे स्पष्ट बोलते, कारण तो आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. आपण त्याचा अर्थ बसल्या जागी मिळणारा पैसा असा घेतो. टॅक्सच्या कायद्यात तो १९८६ च्या सुधारणेने आला आणि त्याचा अर्थ निराळा आहे: भाड्याच्या घरातला तोटा सहसा फक्त तशाच पॅसिव्ह उत्पन्नातून वजा करता येतो, पगारातून नाही. निर्णयांत स्वतः लक्ष घालणाऱ्या मालकांना वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत सवलत आहे, पण एकूण उत्पन्न १,००,००० च्या वर गेले की ती कमी होत जाते आणि १,५०,००० ला संपते. तुमच्या दोन पगारांच्या घरात ती संपलेलीच असणार. तुमच्या यजमानांनी घसाऱ्यामुळे 'दरवर्षी पगारावरचा टॅक्स वाचेल' असे लिहिले आहे, ते म्हणून बरोबर नाही. घसारा, म्हणजे इमारत जुनी होण्यापोटी दरवर्षी वजा करता येणारी रक्कम, आहेच. जमीन वगळून इमारतीची किंमत साडेसत्तावीस वर्षांत विभागली जाते, आणि पहिल्या घराच्या किमतीत इमारतीचा वाटा ८० टक्के धरला तर तो वर्षाला सुमारे ८,३०० डॉलर होतो. त्यामुळे भाड्यावर बरीच वर्षे टॅक्स लागणार नाही. पण उरलेला तोटा पुढच्या वर्षांसाठी साठून राहील आणि पुढच्या नफ्यात किंवा घर विकताना उपयोगी पडेल. विकताना घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स लागू शकतो, हेही त्याच वेळी लक्षात घ्यायचे. शिवाय ओहायोचे अनिवासी म्हणून रिटर्न भरावे लागेल, आणि कोलंबस शहर स्वतःचा अडीच टक्के इन्कम टॅक्स लावते, तो तिथल्या भाड्याच्या निव्वळ नफ्यालाही लागू होतो. घर शहराच्या हद्दीत असेल तर शहराचेही एक रिटर्न, असा अकाउंटंटच्या फीचा खर्च वाढतो.

पहिल्या अर्थाने पॅसिव्ह म्हणाल, तर पाचशे मैलांवरचे कोणतेही घर तसे नसते. मॅनेजर ठेवल्यावरही वॉटर हीटर दुरुस्त करायचा की बदलायचा, भाडे वाढवायचे की चांगला भाडेकरू टिकवायचा, उशिरा भाडे देणाऱ्याला नोटीस द्यायची की आठवडाभर थांबायचे, हे फोन तुम्हालाच येतात. एका घरात असे फोन कमी येतात, दोन बिऱ्हाडांत दुपटीहून जास्त येतात, कारण शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे तंटेही त्यांत मिसळतात. वरच्याची पावले, खालच्याचे तळण, पार्किंगची एकच जागा, कचऱ्याचा डबा बाहेर कोणी ठेवायचा: यांतले काहीही करारात पूर्णपणे लिहिता येत नाही. ज्यांना काहीही न करता खरोखर भाड्याचे उत्पन्न हवे आहे, त्यांनी शेअर बाजारातल्या आरईआयटी, म्हणजे मालमत्तांत गुंतवणूक करून त्यांचे उत्पन्न भागधारकांना वाटणाऱ्या कंपन्या, जरूर पाहाव्यात. कायद्याने त्यांना आपल्या करपात्र उत्पन्नातले किमान ९० टक्के भागधारकांना वाटावे लागते, आणि त्यांतल्या काही, जसे इन्व्हिटेशन होम्स, सिंगल फॅमिली घरेच भाड्याने देतात. त्यांचे भाव वरखाली होतात आणि तुमच्या हाती घराची किल्ली येत नाही, पण रात्री फोनही येत नाही.

भाडेकरू 'आपलेच' असावेत, या इच्छेमागची भावना मी समजू शकते, परदेशात आपल्या माणसावर विश्वास लवकर बसतो. तरीही ही कल्पना मनातून काढून टाका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारणे बेकायदा ठरवले, पुढे लिंग, आणि १९८८ मध्ये अपंगत्व व घरात मुले असणे हेही त्यात आले. 'फक्त भारतीय कुटुंबासाठी' अशी जाहिरात, मग ती आपल्याच मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर का असेना, तुम्हाला कोर्टात नेऊ शकते. त्याऐवजी निकष आधी लिहून ठेवा: भाड्याच्या तिप्पट उत्पन्न, आधीच्या घरमालकाचा दाखला, क्रेडिटची किमान पातळी. मग येईल त्या प्रत्येकाला तेच निकष लावा.

मग डुप्लेक्स कोणासाठी चांगले? त्याच्या एका बाजूला जो स्वतः राहणार आहे, त्याच्यासाठी. हे मी आपल्या तरुण वाचकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण त्यांचीही अशी पत्रे येतात. गुंतवणूक म्हणून दोन बिऱ्हाडांचे घर घेताना फॅनी मे या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमांत २५ टक्के डाउन पेमेंट लागते (एका बिऱ्हाडाच्या घराला किमान १५). पण स्वतः त्यात राहणार असाल तर नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवर काम होते, आणि एफएचए, म्हणजे सरकारी हमीच्या कर्जात साडेतीनवर. व्याजदरही कमी लागतो. एक वर्ष तिथे राहावे लागते, आणि ते खरोखर राहावे लागते, कागदोपत्री नाही. मालक भिंतीपलीकडे असला की बॉयलरची गोष्ट फोनवर ऐकावी लागत नाही, बर्फ आपल्याच फावड्याने काढता येतो आणि भाडेकरू कसा आहे ते महिन्याभरात कळते. मुले नसलेले, पहिलेच घर घेणारे जोडपे क्लीव्हलंड, मिलवॉकी किंवा आपल्या न्यू जर्सीत बेयोन, एलिझाबेथकडे असे घर घेत असेल, तर मी त्यांना मनापासून हो म्हणेन. तुमची मुले एडिसनच्या शाळेत रुळली आहेत, तेव्हा हा मार्ग तुमचा नाही. जे वाचक अजून एच-वन-बीवर आहेत त्यांनी एवढे पाहावे की घर घेणे आणि भाडे घेणे याला व्हिसाची आडकाठी नाही, पण ते घर स्वतः रोजच्या रोज चालवणे हे काम ठरू शकते. मॅनेजर ठेवा आणि आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा.

तुमच्या पुण्याच्या बेताचाही एक धागा इथे जुळतो. ग्रीन कार्ड असताना लांब मुक्काम केलात तर ते धोक्यात येऊ शकते, आणि भारतात वर्षाला १८२ दिवस किंवा त्याहून जास्त राहून तिथले पूर्ण निवासी ठरलात तर अमेरिकेतले भाडे भारतातल्या रिटर्नमध्येही दाखवावे लागते. दहा वर्षांनी नागरिकत्व घेतलेले असेल की ग्रीन कार्डच असेल, आणि मुक्काम चार महिन्यांचा की आठ, हे दोघांनी आत्ताच बोलून ठेवा. कोणते घर घ्यायचे यापेक्षा या बोलण्याने तुमचा आकडा जास्त बदलेल.

आता माझे मत. या दोन घरांत निवड करायचीच असेल, तर तुमच्यासाठी सिंगल फॅमिली घर बरे. ते नवे आहे, त्याचे खर्च भाडेकरूकडे जातात, आणि उद्या विकायचे झाले तर राहायला घर शोधणारे कुटुंबही ते घेईल. डुप्लेक्सचा ग्राहक मुख्यतः तुमच्यासारखाच हिशेब करणारा गुंतवणूकदार असतो. परंतु आज मागितलेल्या किमतीला मी दोन्ही घेणार नाही. पहिल्या घराला २५ टक्के भरून हप्ता सुटायचा असेल तर किंमत सुमारे २,१०,००० हवी, आणि तेवढ्यात ते मिळणार नाही, हे मला माहीत आहे. मधला मार्ग असा की दरमहा दीडशे-दोनशे डॉलर आपण घालू शकतो, त्याहून जास्त नाही, असे दोघांनी ठरवावे आणि त्यावरून किंमत उलटी काढून तीच ऑफर द्यावी. नाही म्हणाले तर पुढचे घर. व्याज पुढे उतरेल आणि मग रिफायनान्स करू, या आशेवर आज जास्त किंमत देऊ नका. व्याज उतरले तर तो लाभ समजा.

ऑफर स्वीकारली गेली, मग ती कोणत्याही घराची असो, तर नेहमीच्या इन्स्पेक्शनबरोबर ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून पाहून घ्या. काहीशे डॉलर लागतात, आणि आम्ही ते वाचवले होते. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाच्या रंगाची माहिती भाडेकरूला लेखी द्यावी लागते, आणि रंग खरवडण्याचे काम त्यासाठी प्रमाणित माणसाकडूनच करून घ्यावे लागते. डुप्लेक्स असेल तर दोन बिऱ्हाडांना शहराची कायदेशीर मान्यता आहे का, ते झोनिंग, म्हणजे जमिनीचे वापर ठरवणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्या, कारण एका घराचे गुपचूप दोन केलेली घरेही बाजारात येतात. सिंगल फॅमिली घर असेल तर एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाचे नियम वाचा, काही वसाहतींत भाड्याने देण्यावर बंधन असते. सध्याचा प्रॉपर्टी टॅक्स गृहीत धरू नका. ओहायोत काउंटी दर सहा वर्षांनी पूर्ण फेरमूल्यांकन करते आणि मधे तिसऱ्या वर्षी आकडे सुधारते. राज्याबाहेरच्या मालकाला मोठ्या काउंट्यांमध्ये घराची नोंद करून राज्यातला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, ते मॅनेजरशी बोलून घ्या. विमा राहत्या घराचा नको, भाड्याच्या घराचा हवा, वर अंब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ विम्याच्या मर्यादेपलीकडचे दावे सांभाळणारा जादा विमाही घ्या. घर एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या नावावर घेण्याची घाई करू नका, नेहमीचे गृहकर्ज कंपनीच्या नावावर मिळत नाही. आणि सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवूनच खरेदीखतावर सही करा. तुमच्या १,२०,००० मधून ७१,२५० डाउन पेमेंट, खरेदीचा खर्च आणि ही गंगाजळी काढून घरचा आणीबाणीचा पैसा किती उरतो, तो आकडाही तक्त्यात लिहा.

एजंटची महिनाअखेर ही एजंटची आहे, तुमची नाही. येत्या शनिवारी दोघे मिळून तक्त्याचा उरलेला अर्धा भाग भरा, आणि त्याआधी कोलंबसमधल्या दोन मॅनेजरांना फोन करा. दुरुस्तीच्या बिलावर तुम्ही वर किती टक्के लावता, करार नव्याने करताना वेगळी फी घेता का, आणि भाडेकरूची अनामत कोणाच्या खात्यात राहते, हे विचारा. ओहायोत ती घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेबासह परत करावी लागते आणि उशीर झाला तर दावा तुमच्यावर येतो. शेवटी त्यांच्याकडे राज्याबाहेर राहणाऱ्या दोन मालकांचे फोन नंबर मागा. जो मॅनेजर ते देत नाही, त्याच्या भरवशावर घर घेऊ नका.